उथळ पाण्याला वाली कोण?

महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरची घोषणा २०२० च्या जानेवारीत झाली. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शेतीला पाणी द्यावं म्हणून इथे बंधारा बांधला गेला. त्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरलं, पाणवनस्पती रुजल्या आणि त्यांच्यामागून पक्षी आले. जगाने दखल घेतलेली ही पाणथळ जागा माणसाच्या हातची आहे, आणि तीही सिंचनासाठी घडवलेली.

हे लक्षात ठेवून केंद्र सरकारचे २०१७ चे पाणथळ जागांबाबतचे नियम वाचावेत. नदीपात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव आणि मत्स्यपालन, मीठ, करमणूक वा सिंचनासाठी खास केलेली बांधकामं यांना पाणथळ जागेच्या व्याख्येतून त्यांनी वगळलं आहे. २०१० च्या नियमांत मानवनिर्मित तलाव धरलेले होते. रामसर करारातही नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद नाही. नांदूर मध्यमेश्वर रामसर यादीत आहे म्हणून त्याला संरक्षण आहे. या एका व्याख्येची खरी झळ बसते ती पूर्व विदर्भाला.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या काही भागात मिळून सुमारे सात हजार माजी मालगुजारी, म्हणजे एकेकाळी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेले, तलाव आहेत. सरकारी कागदांत ते ‘मामा तलाव’ झाले. इथे पाऊस भरपूर पडतो, पण जमिनीखाली कठीण खडक असल्यामुळे पाणी फारसं मुरत नाही. भाताला तर ऐन निसवण्याच्या वेळी पाऊस दगा देतो. गोंड राजवटीत कोहळी समाजाने यावर तोड काढली. जमिनीचा उतार हेरायचा, दोन टेकाडांमध्ये मातीची पाळ घालायची आणि पाणी अडवायचं. एका तलावाच्या सांडव्यातून निघालेलं पाणी खालच्या तलावात जाई, तिथून पुढच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं लोककथा सांगते. त्याच परिसरात १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि वनाधिकारी मारुती चितमपल्लींच्या लेखणीने ते मराठी वाचकांच्या ओळखीचं केलं.

या तलावांची सगळी गंमत त्यांच्या तळाच्या उतारात आहे. पाळीशी पाणी खोल, पण वरच्या अंगाला ते हळूहळू गुडघाभर, मग घोटाभर होत जातं. हिवाळा सरता सरता हा वरचा भाग उघडा पडतो, उन्हाळ्यात भेगाळतो आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतो. पहिल्या जोरदार सरींत मरळीसारखे स्थानिक मासे याच उथळ पाण्यात येतात आणि वनस्पतींच्या गर्दीत पिलावळ वाढवतात. कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटं करतो, अडया आणि जांभळ्या पाणकोंबड्या दाट लव्हाळ्यात लपतात. वरच्या शेतांतून वाहून आलेला गाळ आणि खतं इथल्या मुळांशी थोपतात. ढिवर या मासेमार समाजाची मासळी, शिंगाडा, कमळाचे कंद, गुरांचा चारा ही सारी कमाई याच पट्ट्याची. तलावाला जिवंत ठेवतो तो हा काठ.

मध्य प्रांतातली मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली. पुढे तलाव शासनाकडे आले. लहान जिल्हा परिषदेच्या ताब्यात, मोठे पाटबंधारे खात्याकडे. कायदा न्याय्यच होता. पण पाळ दुरुस्त करायची, तुडुम (पाणी सोडायची मोरी) उघडायचा, कुणाच्या बांधीला (भातखाचराला) आधी पाणी द्यायचं हे गावात बसून ठरत असे, त्या व्यवस्थेला वारस उरला नाही. गाळ साठत गेला, उघड्या पडलेल्या काठावर धानाची अतिक्रमणं झाली. उरलेल्या जागेत बेशरम पसरली. मूळची अमेरिकेतली ही झुडपं गुरं खात नाहीत, आणि तोडलेली फांदी ओल्या चिखलात पडली तरी पुन्हा रुजते.

माशांचंही तेच झालं. उत्पन्न वाढावं म्हणून रोहू, कटला, मृगळ सोडले गेले. हे मासे वाहत्या नदीत वीण करतात. साचलेल्या तलावात त्यांची वीण होत नाही, म्हणून दरवर्षी बीज विकत आणावं लागतं. मृगळ आणि त्यांच्या जोडीला बाहेरून आणलेला सायप्रिनस तळ उकरतात, तसाच आणलेला गवत्या मासा पाणवनस्पतींचाच फडशा पाडतो. जे मासे फुकट, आपोआप वाढत होते त्यांचं पाळणाघर असं उठलं.

यावर उपाय म्हणून येतं ते खोलीकरण. गाळ काढायलाच हवा आणि तो शेतात गेला तर सोन्याहून पिवळं. पूर्वीही लोक तो नेत होतेच. पण कामाचं मोजमाप घनमीटरमध्ये होतं आणि यंत्राला सर्वांत सोपा पडतो तो कोरडा पडलेला वरचा काठ. तिथे सरळ कडांचे खड्डे पडले की तलावाचा हौद होतो. कागदावर साठा वाढतो; वनस्पती रुजायला, माशांना विणायला, बगळ्याला उभं राहायला जागा राहत नाही.

या साऱ्याची किंमत सारसाच्या जोडीत दिसते. राज्यात हा पक्षी आता जवळजवळ गोंदिया-भंडाऱ्यापुरताच उरला आहे. तो भाताच्या बांधीत घरटं करतो आणि तलावाच्या उथळात चरतो, रात्र काढतो. कीटकनाशकं आणि विजेच्या तारा त्याच्या जिवावर उठल्या आहेतच. त्यात तलाव हौदासारखे झाले तर शेतात घरटं वाचवूनही पिलांना न्यायचं कुठे? बांधी आणि तलाव, दोन्ही व्याख्येबाहेर. म्हणजे सारसाचा सगळा संसारच कायद्याच्या नजरेआड.

तरी वाट आहे, आणि ती याच भागात सापडली आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातल्या जाणत्यांकडून वनस्पती-माशांचं ज्ञान गोळा केलं आणि अर्जुनी मोरगाव परिसरातल्या काही तलावांवर ते वापरलं. बेशरम मुळासकट उपटायची, उन्हाळ्यात तळ नांगरायचा, पावसाच्या तोंडावर स्थानिक वनस्पती लावायच्या, मग स्थानिक मासे सोडायचे. या कामात ढिवर बायाच पुढे राहिल्या. वनस्पती परतल्या तसे मासे परतले आणि पक्षीही.

दिल्लीतली व्याख्या बदलेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतल्या मासळीवरचा सामूहिक हक्क मान्य आहे. वनहद्दीतल्या गावांनी तो मागावा. गाळाच्या अंदाजपत्रकात उताराचा काठ राखण्याची अट घालणं जिल्हा परिषदेच्या हातात आहे. मासेमारीच्या ठेक्यात गवत्या मासा न सोडण्याचं कलम घालता येतं. यांतल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. फक्त तलाव किती खोल आहे याच्या जोडीला तो किती उथळ आहे, हेही मोजायला सुरुवात करावी लागेल.