तुमच्या रस्त्यावर सूर्य कधी मावळतो?

पुण्यात लक्ष्मी रोडवर, बेलबाग चौकाजवळच्या फुटपाथवर उभे राहा आणि विसर्जनाची मिरवणूक जिकडे जाते तिकडे, म्हणजे अलका टॉकीजच्या बाजूला बघा. हा रस्ता पश्चिमेकडे निघतो खरा, पण जाता जाता दक्षिणेकडे कलतो. म्हणून उन्हाळ्यात सूर्य उजवीकडच्या इमारतींमागे गडप होतो. त्याला रस्त्याच्या रेषेत गाठायचं तर हिवाळ्यातच!

म्हणजे सूर्य आपली मावळायची जागा बदलतो? बदलतो तर! तो बरोब्बर पश्चिमेला मावळतो वर्षातून दोनदाच, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. पुण्यात २१ जूनला तो पश्चिमेच्या साधारण २५ अंश उत्तरेला मावळतो आणि २२ डिसेंबरला तेवढाच दक्षिणेला. झोका कसा टोकाशी मंदावतो आणि मधून सुसाट जातो, तसंच याचं. जून-डिसेंबरमध्ये बरेच दिवस तो जागचा हलत नाही असंच वाटतं. मार्च-सप्टेंबरमध्ये मात्र रोज जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका सरकतो.

आता कोल्हापूरला चला. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. तिथला किरणोत्सव ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. सूर्य खाली जातो तशी किरणं मूर्तीच्या पायांपासून वर चढू लागतात. आणि आता तारखा मोजा. १० नोव्हेंबरपासून २२ डिसेंबरपर्यंत ४२ दिवस, तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४१! दक्षिणेकडे जाताना सूर्य ज्या जागी मावळला, परतताना तिथेच पुन्हा मावळतो. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी हे देऊळ बांधलं, त्यांनी आकाश किती बारकाईने पाहिलं असेल! समोर उंच इमारत उभी राहिली, तर मात्र हा सोहळाच अडतो. म्हणून ती वाट मोकळी राहायलाच हवी.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्येही मे अखेरीस आणि जुलैच्या मध्याआधी लोक रस्त्याच्या रेषेतला असाच सूर्यास्त बघायला गर्दी करतात. तिथल्या रस्त्यांची सरळ जाळी १८११ साली आखली गेली. तिथे दोन तारखांच्या मधला दिवस २१ जून, एवढाच फरक.

पुण्यात एक गंमत जास्त आहे. पश्चिमेला टेकड्या आहेत, त्यामुळे सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच दिसेनासा होतो. आणि तो सरळ खाली न उतरता उजवीकडे कलत उतरतो. म्हणजे टेकडीमागे जाताना तो खऱ्या मावळतीच्या जागेपेक्षा जरासा डावीकडेच असतो. नुसता नकाशा बघून काढलेली तारीख त्यामुळे थोडी चुकू शकते.

तर मग नकाशावर तुमचा रस्ता शोधा, कोनमापक लावा, आणि पश्चिमेपासून तो किती कललाय ते बघा. कोन २५ अंशांहून जास्त निघाला, तर दुसरा रस्ता निवडा. सूर्याकडे टक लावून बघू नका, दुर्बिणीतून तर मुळीच नाही. भिंतींवरचं आणि रस्त्यावरचं ऊन बघितलं तरी पुरतं. समजा, २० ऑक्टोबरला सूर्य नेमका रस्त्याच्या टोकाशी आला, तर पुढची खेप कधी? २२ डिसेंबरपर्यंतचे दिवस मोजा, तेवढेच पुढे जा आणि कॅलेंडरवर खूण करून ठेवा.