भुतांची रात्र की संतांची?

मुलांनो, ३१ ऑक्टोबरला अमेरिकेत हॅलोवीन असतो. मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. ‘आपण ख्रिस्ती, मग हे चालेल का?’ हा प्रश्न तिथल्या कितीतरी घरांत पडतो.

गंमत म्हणजे, हॅलोवीनचा मूळ अर्थच ‘संतांच्या सणाची आदली संध्याकाळ’! १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, २ नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे करत. तिथले लोक अमेरिकेत गेले आणि सलगमाच्या जागी भोपळा आला.

मग करावं काय? काही घरं हा दिवस पाळतच नाहीत. काही चर्चमध्ये मुलं संतांचे पोशाख घालून येतात, खेळ नि खाऊ असतो. काही आईबाबा सोंगं चालवून घेतात, पण रक्तबंबाळ मुखवटे नकोत म्हणतात.

पालकहो, नुसतं ‘नाही’ म्हणू नका. का नाही, तेही सांगा. आणि मुलांनो, भीती वाटली तर लपवू नका. आपल्या वसईत २ नोव्हेंबरला लोक आजी-आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती लावतात. तिथे कुणी घाबरत नाही. का बरं? अहो, तिथे आपलीच माणसं असतात ना!