दाब जातो कुठे?

‘पायात रॉड आहे’ हे वाक्य आपल्याकडे इतके सरावाचे झाले आहे की त्यामागची कृती कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. रॉड बसतो तो मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाच्या पोकळीत. ती पोकळी रॉडच्या मापाची नसते, मापाची करावी लागते. हे काम करणाऱ्या अवजाराला रीमर म्हणतात. शब्द यंत्रशाळेतला आहे. धातूत पाडलेले भोक नेमक्या मापाला आणण्यासाठी फिटर जे हत्यार वापरतो, त्याचेच हे रुग्णालयातले भावंड.

त्याच रुग्णाच्या वाट्याला आणखी एक प्रवास येतो आणि त्याचीही कुणी नोंद घेत नाही. खाटेवरून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून शस्त्रक्रियेच्या टेबलावर, तिथून पुन्हा ट्रॉलीवर आणि मग खाटेवर. एका शस्त्रक्रियेत निदान चार वेळा एक आख्खे माणूस उचलले जाते. बहुतेक ठिकाणी हे काम चादरीची चार टोके धरून, ‘एक, दोन, तीन’ म्हणत होते.

मी यंत्र अभियंता आहे. हाड कोरण्याची अवजारे आणि रुग्ण हलवण्याची साधने, दोन्हींची आखणी हे माझे काम. एक अवजार तळहातावर मावते, दुसरे खोलीचा कोपरा अडवते, त्यामुळे या दोन वेगळ्या विद्या आहेत असे वाटणे साहजिक आहे. आराखड्याच्या कागदावर मात्र दोन्हींपुढे एकच प्रश्न उभा राहतो: इथे जो जोर लागणार आहे, तो शेवटी कुणाच्या शरीरात उतरणार? या लेखात मी तेवढ्याच प्रश्नाचा माग काढणार आहे.

कीलमधला शल्यचिकित्सक आणि त्याचा कारागीर

मोडलेल्या मांडीला एकेकाळी वजने टांगून ताण दिला जाई आणि रुग्ण आठवडेच्या आठवडे खाटेला खिळून राही. जर्मनीतल्या कील शहरातले शल्यचिकित्सक गेऱ्हार्ड क्युंट्शर यांनी नोव्हेंबर १९३९मध्ये वेगळा मार्ग धरला. मोडलेल्या जागेपासून दूर, हाडाच्या वरच्या टोकातून त्यांनी पोलादी सळई आत सरकवली आणि हाडाला आतून आधार दिला. ही सळई घडवण्यात एर्न्स्ट पोल या कीलमधल्याच तंत्रज्ञाचा मोठा वाटा होता. १९४०मध्ये बर्लिनच्या शल्यचिकित्सक परिषदेत क्युंट्शर यांनी हे तंत्र मांडले, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. हाडाची मज्जा अशी भोसकून चालेल का, ही त्यांची शंका होती.

युद्ध संपता संपता जर्मनांच्या कैदेतून सुटलेले सैनिक मायदेशी परतले आणि त्यांच्या क्ष-किरण चित्रांत मांडीच्या आत धातूची सळई दिसू लागली. अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने १९४५मध्ये या अजब मांडीच्या हाडाची बातमी छापली. आपल्याकडच्या जुन्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या बोलण्यातला ‘के-नेल’ तो हाच. त्यातला ‘के’ क्युंट्शर यांच्या नावाचा.

पहिल्या सळया पोकळीत जेवढी जागा असेल तेवढ्यातच बसवाव्या लागत. प्रौढ माणसाच्या मांडीच्या हाडाची पोकळी दोन्ही टोकांना ऐसपैस आणि मध्ये डमरूसारखी आवळलेली असते. या आवळलेल्या भागात जी सळई मावेल तीच घालायची, म्हणजे ती बारीक असणार, वाकणार, कधी सैल पडणार. पुढे क्युंट्शर यांनीच ही पोकळी कोरून रुंद करण्याची पद्धत आणली. हाडाचा सलग भाग सळईच्या बाजूला जितका अधिक भिडेल तितकी पकड चांगली, हा त्यामागचा विचार.

आज हे काम ठरावीक क्रमाने चालते. आधी टोकाला छोटा मणी असलेली मार्गदर्शक तार मोडलेल्या दोन्ही भागांतून पार केली जाते. त्या तारेवरून पोकळ रीमर आत जातो. एक माप झाले की अर्ध्या मिलिमीटरने मोठा रीमर, मग आणखी अर्ध्याने. बसवायच्या सळईपेक्षा साधारण एक ते दीड मिलिमीटर जास्त कोरले जाते. तारेच्या टोकाचा मणी दिसायला क्षुल्लक आहे, पण रीमरचे डोके आत तुटलेच, तर तार ओढली की मणी त्याला अडकवून बाहेर आणतो.

पिचकारी

हाड म्हणजे लाकडाचा ओंडका नव्हे. आतली मज्जा मऊ, ओली आणि चरबीने भरलेली असते. एका टोकाने रीमर आत ढकलला की तो पिचकारीच्या दट्ट्याचे काम करतो. पुढची मज्जा मागे यायला वाट शोधते. वाट अपुरी असेल तर आतला दाब चढतो, काही वेळा माणसाच्या रक्तदाबाच्या कित्येक पट. मग चरबीचे कण हाडातल्या बारीक शिरांमध्ये ढकलले जातात आणि रक्ताबरोबर फुप्फुसात पोचतात. बहुतेक रुग्णांना त्याचा त्रास जाणवत नाही. ज्याच्या छातीला आधीच मार बसला आहे, रक्त बरेच गेले आहे, त्याच्या बाबतीत हीच गोष्ट जिवावर बेतू शकते. जोर लावला मांडीत, आणि तो उतरला फुप्फुसात.

इथे आखणी करणाऱ्याचे काम सुरू होते. रीमरच्या डोक्याला पाती असतात आणि दोन पात्यांमध्ये खाचा. खाच उथळ असेल तर भुगा आणि मज्जा तिथेच तुंबते. डोक्यामागचा दांडा जाड असेल तर दांडा आणि हाडाची भिंत यांमधली फट अरुंद राहते. अरुंद फटीतून द्रव वाहताना अडथळा फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. साध्या भाषेत, फट दुप्पट केली तर अडथळा निम्म्यावर थांबत नाही, आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून खोल खाचा, आखूड डोके आणि सडपातळ दांडा. दांडा अर्धा मिलिमीटर बारीक करण्यासाठी आम्ही जो वाद घालतो तो बाहेरच्याला हट्ट वाटेल, पण तो अर्धा मिलिमीटर फुप्फुसासाठी असतो.

दांडा बारीक केला की पीळ सोसण्याची ताकद मात्र झपाट्याने घटते. शिवाय मांडीचे हाड सरळ नसते, त्याला पुढच्या बाजूला बाक असतो, त्यामुळे दांड्याला वाकावेही लागते. जुन्या दांड्यांत यावर गुंडाळलेल्या स्प्रिंगचा तोडगा होता. ती छान वाके, पण उलटी फिरवली की उलगडू लागे, आणि तिच्या वेढ्यांत अडकलेले रक्त धुऊन निघणे कठीण. १३४ अंशांच्या वाफेत ठेवून जंतू मारता येतात, पण आधी मळ निघायला हवा. वाळलेल्या रक्ताच्या थराआड वाफ नीट पोचत नाही. निकेल आणि टायटॅनियमच्या नायटिनॉल या मिश्रधातूने वाट मोकळी केली. त्याची एकसंध नळी वाकते, सरळ होते, दोन्ही दिशांना फिरते आणि आतून-बाहेरून धुता येते.

दुसरा शत्रू उष्णतेचा. स्वीडनमधल्या एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी १९८३मध्ये सशांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट टिकले तरी हाडाच्या पेशींना इजा होते. आंघोळीच्या कढत पाण्याहून हे फार वरचे तापमान नाही. बोथट पाते कापत नाही, घासते, आणि घासण्यातून ऊब निघते. म्हणून रीमर सावकाश पण जास्त पिळाने फिरवतात, आणि त्याला धार आहे की नाही हे पाहणे हा शस्त्रक्रियेचाच भाग ठरतो. खर्च वाचवण्यासाठी बोथट रीमर वर्षानुवर्षे चालवला जातो, तेव्हा वाचलेल्या पैशाची किंमत हाड मोजते.

मग कोरणेच सोडून द्यावे का? हा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला. कॅनडातल्या अस्थिशल्यचिकित्सकांनी २००३मध्ये मांडीच्या हाडांवरची एक तुलना प्रसिद्ध केली. न कोरता सळई घातलेल्या १०७ हाडांपैकी ८ जुळली नाहीत. कोरून घातलेल्या १२१ पैकी फक्त २. कोरल्याने सळई जाड बसते आणि कोरलेला भुगा मोडलेल्या जागी हाड धरायला मदतही करतो. म्हणजे अवजार टाकून देण्यात शहाणपण नव्हते, ते सुधारण्यात होते. पुढे एकीकडून पाणी सोडणारा आणि त्याच वेळी मज्जा ओढून घेणारा रीमर आला. दाब आणि उष्णता दोन्ही उतरली, आणि गाळून निघालेला भुगा दुसरीकडच्या हाडाच्या पोकळीत भरायला उपयोगी पडू लागला. पण ओढणारी नळी चालूच राहिली तर रक्तही जाते. एका वाटेने सोडवलेला प्रश्न दुसऱ्या दाराने आत येतो, तो असा.

महागडी वाट ही एकच वाट नाही. अमेरिकेतल्या रिचलंड गावचे शल्यचिकित्सक लुईस झर्कल यांनी १९९९मध्ये ‘साइन’ ही संस्था स्थापन केली. जिथे वीज बेभरवशाची आहे आणि शस्त्रक्रिया चालू असताना चित्र दाखवणारे सी-आर्म यंत्र नाही, अशा रुग्णालयांसाठी तिने सळई आणि हाताने फिरवायचे रीमर तयार केले. हाताने फिरवलेला रीमर हळू चालतो, आणि भिंत लागली की तिची खरखर शल्यचिकित्सकाच्या मुठीला कळते.

टेबलावरचा खुंट

मांडीत सळई घालताना रुग्णाला पुष्कळदा ओढ देणाऱ्या टेबलावर ठेवतात. पाऊल बुटात बांधून ओढायचे, म्हणजे हाडाची टोके समोरासमोर येतात. ओढल्यावर सगळे शरीरच खाली सरकू नये म्हणून दोन मांड्यांमध्ये एक खुंट असतो. पाय जितका ओढला जाईल तितकेच शरीर त्या खुंटावर दाबले जाते, आणि तिथून जाणारी चेतातंतू दबून शस्त्रक्रियेनंतर जननांगांना बधिरपणा येऊ शकतो. खुंट रुंद करणे, त्याला जाड गादी देणे आणि गरज संपताच ओढ सैल करणे, एवढ्यानेही फरक पडतो. कोरण्याचे अवजार आणि रुग्ण धरण्याचे साधन इथे एकाच शरीरावर भेटतात.

मामा आणि मावशींची पाठ

टेबलावरून उतरवायची वेळ आली की जोर रुग्णाच्या शरीरातून बाहेर पडतो आणि दुसऱ्यांच्या पाठीत शिरतो. आपल्या रुग्णालयांत ज्यांना मामा आणि मावशी म्हणतात, त्यांच्या.

हिशेब सोपा आहे. पाठीच्या कण्यामागचे स्नायू कण्याच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर ओढतात. खाटेवर वाकून हात पुढे केले की वजन कण्यापासून ५० सेंटिमीटरवर असते. तराजूची एक भुजा दुसरीच्या दहापट. हातात २० किलोचा भार आला की स्नायूंना २०० किलोइतके ओढावे लागते, आणि वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. ही सगळी ओढ मणक्यांमधल्या चकतीवर दाब म्हणून बसते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सावधगिरीची रेघ ३,४०० न्यूटनवर, म्हणजे सुमारे ३५० किलो वजनाइतक्या दाबावर मारली आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या विल्यम मॅरस आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये रुग्ण हलवण्याच्या प्रचलित पद्धती मोजून पाहिल्या. दोघांनी मिळून उचलले तरी पाठ सुरक्षित राहत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. ‘नीट वाकायला शिका’ या उपदेशातली हवा त्याने काढून घेतली. थॉमस वॉटर्स यांनी २००७मध्ये हाताने पेलण्याची मर्यादा ३५ पौंड, म्हणजे जवळपास १६ किलो सुचवली, तीही रुग्ण शांत आणि स्थिर असेल तर. एका पायाचे वजन शरीराच्या साधारण १६ टक्के धरतात. ७० किलोच्या माणसाचा प्लॅस्टर घातलेला पाय एकट्याने उचलून धरणे हेच या मर्यादेच्या जवळ जाते.

उचलण्याचे यंत्र नवे नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतल्या ऑशकॉश गावच्या टेड हॉयर यांनी हायड्रॉलिक पाळणा बनवला. ते स्वतः अपघातात अधू झालेले होते. पाहिले की गॅरेजात इंजिन उचलणारी घोडी आठवते. असा पाळणा आपल्याकडच्या काही रुग्णालयांतही असतो, पण बरेचदा कोपऱ्यात, अंगावर धूळ घेऊन.

याचा दोष कर्मचाऱ्यांना देणे सोपे आहे, पण दोष पुष्कळदा आराखड्याचा असतो. पाळण्याचे पाय खाटेखाली जावे लागतात, आणि आपल्या वॉर्डात खाटेखाली पिशव्या, डबे आणि नातेवाइकांची चटई असते. लहान चाके फरशीच्या सांध्यात आणि उंबरठ्यावर अडतात. झोळी एकच असेल तर ती धुवायला गेली की यंत्र बंद. आणि चार माणसे अर्ध्या मिनिटात जे करतात त्याला यंत्राने पाच मिनिटे लावली, तर घाईच्या पाळीत त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून नवे साधन आखताना मी आधी वॉर्डात उभा राहून बघतो: मावशी कुठे पाय रोवतात, हात कुठे घालतात, आणि कोणती खाट वर-खाली होत नसल्यामुळे प्रत्येक जण वाकतो. कधी उत्तर यंत्र नसतेच. अंगाखाली सरकवायचे गुळगुळीत, दुपदरी सरकते कापड आणि ट्रॉलीच्या पातळीला येणारी खाट, एवढ्यावर उचलणे संपून सरकवणे सुरू होते.

रीमर खरेदी करताना त्याची धार, माप आणि किंमत विचारली जाते. ट्रॉली घेताना किंमत, रंग आणि हमी. खरेदीच्या तक्त्यात मला आणखी एक रकाना हवा आहे: हे साधन आल्यावर एका रुग्णाला हलवायला किती हात लागतील, आणि ते हात किती वाकतील? तो भरायला प्रयोगशाळा लागत नाही. एका पाळीत वॉर्डात उभे राहून मोजले तरी पुरते. मोजणाऱ्याने मामा-मावशींना पाठ कुठे दुखते हेही विचारावे.