कयाकवरून सागरतळाशी, हिशेब मात्र घाटमाथ्यापर्यंत

आखाडा बाळापूर : कळमनुरी तालुक्यातील या गावाला अथांग पाणी म्हटले, की आठवतो तो पैनगंगेवरील इसापूर धरणाचा जलाशय. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही सुटीत मालवण-तारकर्ली गाठून सागरतळ पाहण्याची ओढ मराठवाड्यातही रुजली आहे. तेथे पर्यटकाला मोटारबोटीतून नेले जाते आणि प्रशिक्षक पाण्याखाली त्याची साथ सोडत नाही. कयाक या वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीतून जाऊन घेतली जाणारी डुबकी मात्र याहून निराळी आहे. पाणबुड्या खाली उतरला, की वर होडी राखायला कोणीच उरत नाही. म्हणूनच हा प्रकार प्रशिक्षित पाणबुड्यांसाठीच आहे आणि त्यांनीही तो जोडीनेच करावयाचा असतो.

आधी नांगर, मग डुबकी

यासाठी वर बसून वल्हवण्याची, रुंद बुडाची कयाक वापरतात. तिच्यात शिरलेले पाणी तळाच्या छिद्रांतून आपोआप निचरून जाते. हवेचे नळकांडे, श्वसनयंत्र आणि तरंगजाकीट होडीला घट्ट बांधून न्यावे लागते. इच्छित जागी नांगर टाकल्यावर जाकिटात हवा भरून ते दोरीसह पाण्यात सोडतात आणि पाण्यात उतरूनच अंगावर चढवितात. अरुंद होडीत उभे राहून हा साज चढविणे म्हणजे उलटण्यास आमंत्रणच. नंतर नांगराच्या दोरीने खाली जाऊन नांगर पक्का बसल्याची खात्री करावयाची. परतताना आधी वजनाचा पट्टा व जाकीट होडीला अडकवायचे आणि मग पाय मारत स्वतः वर चढायचे.

नांगर सुटला तर काय होते, हे वाऱ्यावर ठरते. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तर दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात. सकाळी सुटलेली रिकामी कयाक खोल समुद्राच्या दिशेने जाऊ लागते. यासाठी डुबकीचा आरंभ प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने करतात, म्हणजे दमलेल्या पाणबुड्याला परतताना प्रवाहाचीच मदत होते. खाली पाणबुड्या असल्याचा इशारा देणारा झेंडा होडीवर हवाच. किनाऱ्यावरील कोणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवणेही तितकेच आवश्यक.

नांगर नेहमी वाळूत टाकावा. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी येते आणि या परिसरात प्रवाळ आहेत. खडक रचणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे.

दाबाचे गणित

समुद्रसपाटीवर शरीरावर एक वातावरणाचा दाब असतो. दहा मीटर खोलीवर तो दुप्पट होतो. तेथे घेतलेला श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसातील हवा दुपटीने प्रसरण पावते आणि फुप्फुस फाटू शकते. त्यामुळे श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत ठेवतात आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबतात. कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब झपाट्याने घटल्यास बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो. सोड्याची बाटली एकदम उघडल्यावर होते तसेच.

हा नायट्रोजन किनाऱ्यावर येताच संपत नाही. मराठवाड्यातील पर्यटकाने नेमके हेच लक्षात ठेवावयास हवे. परतीच्या वाटेवरील आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो. सुमारे ६०० मीटरवर जायचे असल्यास विमान प्रवासाचाच दंडक पाळावा, असे पाणबुड्यांसाठीचे वैद्यकीय संकेत सांगतात. एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास, तर अनेक डुबक्यांनंतर १८ तास थांबावे. पर्यटकांची डुबकी उथळ व अल्पकाळाची असल्याने तिच्यात धोका तुलनेने कमी असतो. तरीही सकाळी डुबकी आणि दुपारी घाट, हा बेत टाळलेलाच बरा. सांधेदुखी, बधिरपणा वा चक्कर जाणवल्यास प्रवासाचा शीण समजून दुर्लक्ष न करता डॉक्टरांकडे जावे आणि डुबकी घेतल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.

कोकणात एक मुक्काम वाढला तर खर्च थोडा वाढेल. पण बाळापूरची वाट निर्धास्तपणे धरता येईल.