टर्मिनलचा प्रॉम्प्ट : एका ओळीचा पत्ता, पण चुकला तर डेटाबेस जातो

नवी मुंबईत कुणाला नुसतं ‘सेक्टर १५ ला ये’ असं सांगून बघा. वाशीत सेक्टर १५ आहे, बेलापूरला आहे, खारघरला आहे आणि ऐरोलीतही आहे. सिडकोने हे शहर नोडमध्ये वसवलं आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टरचे आकडे पुन्हा एकपासून सुरू केले. त्यामुळे इथला रिक्षावाला आधी विचारतो, “कुठला सेक्टर १५?”

सर्व्हरच्या दुनियेतही असंच असतं. एकाच कंपनीत ‘डीबी-१’ नावाची दोन-तीन यंत्रं असतात. एक खऱ्या ग्राहकांचा डेटा सांभाळणारं, एक चाचणीसाठी, एक सरावासाठी. पण तिथे “कुठला डीबी-१?” असं विचारायला कुणी नसतं. तुम्ही आज्ञा टाइप करता, एंटर दाबता आणि काम होऊन जातं. आपण कुठे उभे आहोत हे सांगणारी एकच गोष्ट समोर असते, ती म्हणजे प्रॉम्प्ट.

हा प्रॉम्प्ट आपल्याला हवा तसा बदलता येतो. बरेच जण तो सुंदर दिसावा म्हणून बदलतात. पण तो बदलण्याचं खरं कारण वेगळं आहे.

प्रॉम्प्ट म्हणजे नेमकं काय?

लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनल उघडलं की काळ्या किंवा पांढऱ्या खिडकीत एक छोटी ओळ दिसते आणि तिच्यापुढे कर्सर लुकलुकत असतो. ती ओळ म्हणजे प्रॉम्प्ट. “मी तयार आहे, बोला” एवढाच त्याचा अर्थ.

ही ओळ छापणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. तुम्ही टाइप केलेली आज्ञा वाचायची, ती चालवायची आणि पुन्हा प्रॉम्प्ट दाखवायचा, हे त्याचं काम. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ‘बॅश’ नावाचा शेल असतो. ब्रायन फॉक्स यांनी तो १९८९ मध्ये आणला. मॅकवर २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून ‘झी-शेल’ हा मूळ शेल आहे. तो पॉल फॉलस्टॅड यांनी १९९० मध्ये लिहिला.

उबुंटूमध्ये सुरुवातीला जो प्रॉम्प्ट मिळतो त्यात क्रमाने चार गोष्टी असतात : तुमचं वापरकर्ता-नाव, @ हे चिन्ह आणि यंत्राचं नाव, तुम्ही ज्या फोल्डरमध्ये आहात तो फोल्डर आणि शेवटी $ हे चिन्ह. फोल्डरच्या जागी ~ अशी नागमोडी रेघ दिसली तर तुम्ही तुमच्या स्वतःच्या ‘होम’ फोल्डरमध्ये आहात.

शेवटचं चिन्ह नीट पाहायची सवय लावा. $ म्हणजे साधा वापरकर्ता. तिथे # दिसलं तर तुम्ही ‘रूट’ आहात, म्हणजे त्या यंत्राचे सर्वेसर्वा. रूटने काही पुसायला सांगितलं तर यंत्र सहसा अडवत नाही.

२०१७ मध्ये काय घडलं होतं?

३१ जानेवारी २०१७. आपल्याकडे १ फेब्रुवारीची पहाट. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या डेटाबेसवर अचानक ताण आला होता. मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर मागे पडला. तो पुन्हा जुळवून घ्यायचा तर आधी त्याच्यावरचं डेटाचं फोल्डर रिकामं करायला हवं होतं. एका अभियंत्याने तशी आज्ञा दिली.

फक्त ती आज्ञा दुसऱ्या सर्व्हरवर नाही, पहिल्यावर गेली. म्हणजे खऱ्या, चालू डेटाबेसवर.

एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं आणि त्याने आज्ञा थांबवली. तोपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटापैकी जेमतेम साडेचार जीबी उरला होता.

बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा बॅकअप बरेच दिवस होतच नव्हता. सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या जुळत नव्हत्या आणि ‘बॅकअप फसला’ असं सांगणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी हाताने एक प्रत काढून ठेवली होती. तिने कंपनीला वाचवलं. संकेतस्थळ सुमारे १८ तास बंद राहिलं. लोकांचा कोड सुरक्षित राहिला, पण सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. सुमारे ५,००० प्रोजेक्ट, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती यांना त्याचा फटका बसला.

गिटलॅबने काही लपवलं नाही. दुरुस्ती सुरू असताना तिचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केलं आणि नंतर सविस्तर अहवालही जाहीर केला. पुढे करायच्या कामांच्या यादीत बॅकअपच्या मोठ्या कामांसोबत एक छोटी नोंद होती : सगळ्या सर्व्हरचे प्रॉम्प्ट बदला. खऱ्या सर्व्हरला लाल रंग, चाचणीच्या सर्व्हरला पिवळा. आणि नुसतं ‘डीबी-१’ न दाखवता यंत्राचं पूर्ण नाव दाखवा.

थोडक्यात, ‘सेक्टर १५’ नको, ‘सेक्टर १५, खारघर’ असं लिहा.

नवी मुंबईसाठी हे महत्त्वाचं का?

कारण आपल्या रोजच्या व्यवहारांचा मोठा भाग याच शहरात ‘राहतो’. स्टेट बँकेचं ग्लोबल आयटी सेंटर सीबीडी बेलापूरला आहे. जिओचा कारभार घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून चालतो. महापे, रबाळे, ऐरोली हा ठाणे-बेलापूर पट्टा एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जायचा. आज तिथे डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. पनवेलला योट्टाचं मोठं डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झालं.

या इमारतींतल्या यंत्रांसमोर सहसा कुणी बसलेलं नसतं. काम करणारा माणूस नेरूळमध्ये असेल, पुण्यात असेल किंवा घरून काम करत असेल. तो दुरून ‘एसएसएच’ वापरून यंत्राशी जोडला जातो. एकाच पडद्यावर चार-पाच खिडक्या उघड्या असतात आणि प्रत्येक खिडकी वेगळ्या यंत्राची असते. सगळ्या दिसायला सारख्याच. रात्रपाळीला पहाटे तीन वाजता त्यातली कुठली कुणाची, हे लक्षात ठेवण्यापेक्षा खिडकीनेच ते सांगितलेलं बरं.

प्रॉम्प्ट बदलायची सोय आली कुठून?

ही सोय जुनी आहे. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत स्टीफन बॉर्न यांचा शेल आला. त्यात प्रॉम्प्टचा मजकूर एका नावाखाली साठवलेला असे. ते नाव ‘पीएस-१’, म्हणजे ‘प्रॉम्प्ट स्ट्रिंग’ क्रमांक एक. आजचा बॅशही हेच नाव वापरतो. क्रमांक दोनचा प्रॉम्प्टही असतो. तुमची आज्ञा अर्धवट राहिली तर पुढच्या ओळीवर जे > चिन्ह येतं, ते तोच दाखवतो.

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्यांना ‘सी प्रॉम्प्ट’ आठवत असेल. डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तिथे फक्त ड्राइव्हचं अक्षर दिसायचं. आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत हे दिसावं म्हणून लोक प्रॉम्प्ट बदलणारी एक ओळ कॉम्प्युटर सुरू होतानाच्या फाइलमध्ये घालून ठेवायचे. गरज तेव्हाही तीच होती.

बदलायचा कसा?

टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची आहेत. इथे त्यांचे उच्चार दिले आहेत. लहान आणि मोठ्या लिपीतला फरक मात्र सांभाळा, कारण त्याने अर्थ बदलतो.

बॅशमध्ये आधी मोठ्या लिपीत पी, एस आणि आकडा १ लिहा. मध्ये जागा न सोडता लगेच = हे चिन्ह द्या. मग एकेरी अवतरणचिन्हांत हवा तो मजकूर लिहा. त्यात ही सांकेतिक अक्षरं चालतात :

- बॅकस्लॅश आणि लहान यू : वापरकर्त्याचं नाव
- बॅकस्लॅश आणि लहान एच : यंत्राचं नाव, पहिल्या टिंबापर्यंतच
- बॅकस्लॅश आणि मोठा एच : यंत्राचं पूर्ण नाव
- बॅकस्लॅश आणि लहान डब्ल्यू : फोल्डरचा पूर्ण मार्ग
- बॅकस्लॅश आणि मोठा डब्ल्यू : फक्त शेवटचं फोल्डर
- बॅकस्लॅश आणि लहान टी : वेळ, २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे
- बॅकस्लॅश आणि $ : साध्या वापरकर्त्याला $ आणि रूटला #

अवतरणचिन्ह बंद करण्याआधी एक मोकळी जागा सोडा, नाहीतर तुमची आज्ञा प्रॉम्प्टला चिकटून दिसेल.

एंटर दाबताच नवा प्रॉम्प्ट दिसतो. नाही आवडला तर खिडकी बंद करून नवी उघडा, जुना परत येतो. आवडला तरच तो कायमचा करा. त्यासाठी होम फोल्डरमधल्या ‘डॉट बॅशआरसी’ या फाइलच्या शेवटी तीच ओळ घाला. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्यामुळे ही फाइल एरवी लपलेली असते. बदल करण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा.

मॅकच्या झी-शेलमध्ये कल्पना तीच, फक्त बॅकस्लॅशच्या जागी % येतं. % आणि लहान एन म्हणजे वापरकर्ता, % आणि लहान एम म्हणजे यंत्र, % आणि ~ म्हणजे फोल्डर. फाइलचं नाव ‘डॉट झेडएसएचआरसी’.

रंग कसा द्यायचा?

टर्मिनलमध्ये रंगांना आकडे आहेत : लाल ३१, हिरवा ३२, पिवळा ३३, निळा ३४. पूर्ण पार्श्वभूमीच लाल हवी असेल तर ४१. मूळ रंगावर परत यायला शून्य. बॅशमध्ये आधी बॅकस्लॅश आणि लहान ई, मग उघडा चौकटी कंस, मग रंगाचा आकडा आणि शेवटी लहान एम, असा हा संकेत लिहितात.

इथे बहुतेक जण एकदा तरी अडखळतात. रंगाचा संकेत पडद्यावर दिसत नाही, पण बॅशला ते ठाऊक नसतं. तो त्या अक्षरांचीही जागा मोजतो. मग लांब आज्ञा लिहिताना ओळ पुढे जाण्याऐवजी स्वतःवरच छापली जाते आणि आपण काय टाइप केलंय हेच कळत नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येक रंगसंकेताच्या आधी बॅकस्लॅश आणि उघडा चौकटी कंस, नंतर बॅकस्लॅश आणि बंद चौकटी कंस लावा. ‘या मधल्याला जागा लागत नाही’ असं त्यातून बॅशला कळतं.

झी-शेलमध्ये हे जास्त सुटसुटीत आहे. % आणि मोठा एफ, पुढे महिरपी कंसात रंगाचं इंग्रजी नाव. रंग संपवायला % आणि लहान एफ.

रंगाची फोड साधी ठेवा. स्वतःचा लॅपटॉप हिरवा, चाचणीचा सर्व्हर पिवळा, खऱ्या ग्राहकांचा सर्व्हर लाल. पण फक्त रंगावर विसंबू नका, कारण लाल आणि हिरवा यांतला फरक सगळ्यांनाच नीट दिसतो असं नाही. सोबत शब्दही असू द्या. क्लाउडवरच्या यंत्रांची नावं अनेकदा नुसती आकड्यांची माळ असते, तिथे तर ठळक शब्द हवाच. आणि कंपनीच्या सामायिक सर्व्हरवर काही बदलण्याआधी संबंधितांना विचारा.

प्रॉम्प्ट मराठीत करता येतो का?

येतो. आजचे शेल आणि टर्मिनल युनिकोड समजतात. ‘खरा सर्व्हर’ असं लिहिलं तर ते दिसेल. अडचण मोजणीची आहे. टर्मिनल प्रत्येक अक्षर समान मापाच्या चौकोनात बसवतं. आपले काना-मात्रा आणि जोडाक्षरं त्या चौकोनांत नीट बसत नाहीत. काही टर्मिनलमध्ये मात्रा सुटी पडते, काहींत कर्सर भलतीकडे दिसतो. म्हणून मराठी हवंच असेल तर ते वरच्या स्वतंत्र ओळीवर ठेवा आणि आज्ञा टाइप करायची ओळ साधी ठेवा. प्रॉम्प्ट दोन ओळींचा करता येतो, त्यासाठी मध्ये बॅकस्लॅश आणि लहान एन लिहायचं.

दोन धोके, जे कुणी सांगत नाही

पहिला धोका कॉपी-पेस्टचा. ‘भन्नाट प्रॉम्प्ट’ म्हणून टेलिग्रामवर किंवा इन्स्टाग्रामवर लांबलचक ओळी फिरतात. प्रॉम्प्टमध्ये आज्ञाही घालता येते आणि ती दर एंटरला चालते. अनोळखी ओळ डॉट बॅशआरसीमध्ये चिकटवणं म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देणं. जे समजत नाही ते चिकटवू नका. ‘ओह माय झेडएसएच’ किंवा ‘स्टारशिप’ अशी तयार साधनं वापरायची असतील तर ती त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच घ्या. आणि खूप काही भरू नका, नाहीतर मोठ्या प्रोजेक्टमध्ये दर एंटरनंतर प्रॉम्प्ट रेंगाळतो.

दुसरा धोका स्क्रीनशॉटचा. मदत मागताना आपण टर्मिनलचा फोटो सर्रास टाकतो. त्यात तुमचं वापरकर्ता-नाव, कंपनीच्या सर्व्हरचं नाव आणि फोल्डरची रचना हे सगळं जातं. फोटो काढण्याआधी प्रॉम्प्ट तेवढ्यापुरता छोटा करा. तो कसा करायचा हे आता तुम्हाला माहीत आहेच : अवतरणचिन्हांत फक्त $ आणि एक मोकळी जागा.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट असावी. लाल प्रॉम्प्ट चुकीची आज्ञा अडवत नाही. अडवण्याचं काम परवानग्यांचं, आणि गेलेलं परत आणण्याचं काम वेळोवेळी तपासलेल्या बॅकअपचं. प्रॉम्प्ट फक्त एंटर दाबण्याआधी विचारतो, “कुठला सेक्टर १५?” उत्तर मात्र तुम्हालाच द्यायचं असतं.