पहिला गोळा किती वजनाचा घ्यावा?

आमचा आष्टी तालुका धावणाऱ्यांचा तालुका म्हणून आता देशाला ठाऊक झाला आहे. याच तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीचे रौप्यपदक मिळविले. तेव्हापासून पहाटे धावायला निघणाऱ्या मुलामुलींना नवल म्हणून कोणी पाहत नाही. पण यांतली बरीचशी मुले पदकासाठी धावत नाहीत. त्यांना पोलीस शिपाई व्हायचे असते. ज्या घरातली माणसे दरसाल ऊसतोडीला जातात, त्या घरात एक पक्की नोकरी म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायला नको.

या भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यांपैकी १५ गुण गोळाफेकीचे. धावण्याची तयारी मुले महिनोन् महिने करतात आणि गोळ्याकडे मात्र शेवटच्या पंधरवड्यात वळतात. त्यातही पहिली गोष्ट काय करतात? तालुक्याच्या गावी जाऊन चाचणीत असतो तोच, ७ किलो २६० ग्रॅमचा गोळा विकत आणतात. "परीक्षेत जो आहे त्याच्यावरच हात बसवू" असा त्यांचा हिशेब. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. पण तो चुकतो कोठे, हे जरा पाहू.

हे ७ किलो २६० ग्रॅम आले कोठून? तो १६ पौंडांचा मेट्रिक हिशेब आहे. गोळाफेकीचा खेळ इंग्रजी मुलखात तोफेच्या गोळ्यांवरून रूढ झाला आणि १६ पौंडांचे माप कायम झाले. मोठ्या शहरांत लाकडी फरशीवर चेंडू घरंगळत सोडून दहा सोंगट्या पाडण्याचा बोलिंग नावाचा खेळ खेळतात. त्या चेंडूची कमाल मर्यादाही १६ पौंडच आहे. मात्र तेथे नवख्याला कोणी १६ पौंडांचा चेंडू देत नाही. हलके चेंडू मांडलेले असतात, त्यांतून हाताला आणि बोटांना बसेल तो निवडायचा. आपल्याकडे नेमकी ही निवडच होत नाही.

खुद्द गोळाफेकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही एकच वजन नाही. प्रौढ पुरुषांना ७.२६० किलो, २० वर्षांखालील मुलांना ६, तर १८ वर्षांखालील मुलांना ५ किलो. स्त्रियांना ४ आणि १८ वर्षांखालील मुलींना ३ किलो. दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धांतही गटागटाप्रमाणे वजन ठरविलेले असते. सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा टाकून एफ-४६ गटात रौप्यपदक मिळविले. त्यांच्या पदकाला त्यामुळे काही उणेपणा आला काय? वजन माणसाला बसते असावे, हे तत्त्व जगाने मान्य केले आहे. कमी वजनात लाज कसली?

आता त्यामागचे कारण पाहा. गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. नियमच असा आहे की तो मानेशी किंवा हनुवटीशी टेकलेला हवा आणि एकाच हाताने खांद्यापासून पुढे ढकलला गेला पाहिजे. जोर उत्पन्न होतो तो पायांत. तो कमरेतून, छातीतून वर येतो आणि शेवटी हातात उतरतो. गोळा झेपण्यापलीकडे जड असला की ही साखळी तुटते. मनगट मागे मोडते, कोपर खाली पडते, पाय नुसते उभे राहतात. मग मुलगा चेंडू फेकल्यासारखा हात मागे नेऊन हिसका देतो. हा हिसका बोटांना, कोपराला, खांद्याला बाधतो आणि चाचणीत नियमबाह्यही ठरू शकतो.

शिवाय अंतर वेगावर अवलंबून असते. समजा, गोळा जमिनीपासून १.८ मीटर उंचीवरून, सुमारे ३८ अंशांच्या कोनात सुटला. सुटतानाचा वेग सेकंदाला ९ मीटर असेल तर तो साधारण ९.९ मीटर जाईल. वेग ८ मीटरवर आला तर अंतर ८.१ मीटरवर येते. एवढ्याशा वेगाने पावणेदोन मीटरचा फरक! आणि वेग ही सवयीची गोष्ट आहे. पहिल्या दिवसापासून जड गोळ्याशी झुंजणाऱ्याला सावकाश ढकलण्याचीच सवय लागते.

मग निवड करायची कशी? सोपी परीक्षा आहे. गोळा तळव्यात न ठेवता बोटांच्या मुळाशी घ्या. अंगठा आणि करंगळीने बाजूंनी आधार द्या. मानेशी टेकवून कोपर वर ठेवा आणि जागेवरून, न धावता, दहा वेळा ढकला. शेजारी मित्राला उभे करा. दहाव्या वेळीही कोपर खाली आले नाही, मनगट मोडले नाही, तर तो गोळा तुमचा. चौथ्या-पाचव्या वेळीच कोपर पडू लागले तर एक पायरी खाली या. सर्वसाधारण तरुणाने ४ किंवा ५ किलोपासून सुरुवात करावी. मुलींची चाचणी ४ किलोच्या गोळ्याची असते, त्यांनी ३ किलोपासून. वरच्या वजनावर हीच परीक्षा उतरली की पुढची पायरी चढावी. चाचणीच्या वजनावर मात्र शेवटचे काही आठवडे सराव हवाच. म्हणून सुरुवात लवकर करायची.

वजनाइतकाच आकारही पाहावा. प्रौढ पुरुषांच्या गोळ्याचा व्यास ११० ते १३० मिलिमीटरपर्यंत चालतो. हात लहान असेल तर त्याच वजनाचा लहान व्यासाचा गोळा घ्या, बोटांत तो नीट बसतो. आणि दुकानदाराच्या शब्दावर न राहता किराणा दुकानाच्या काट्यावर तो एकदा तोलून पाहा.

"एवढे गोळे घ्यायचे कोठून?" असे कोणी विचारील. अहो, चार मित्रांनी एकाच वजनाचे चार गोळे आणण्यापेक्षा वर्गणी काढून ४, ५, ६ आणि ७.२६० असे चार आणावेत. खर्च उलट कमीच येईल. शाळांनीही हेच करावे. एकच जड गोळा साऱ्या वर्गाच्या हाती दिला, तर पाच धट्टीकट्टी मुले खेळतात आणि बाकीची "हे आपले काम नव्हे" म्हणून बाजूला बसतात.

एक नियम मात्र सर्वांनी पाळावा. गोळा टाकताना समोर कोणी उभे राहू नये आणि पडलेला गोळा हातात धरून आणावा, फेकून परत देऊ नये.

घागर भरायला शिकणाऱ्या मुलीच्या डोक्यावर आई आधी लहान कळशी देते. तोल साधला की मगच मोठी घागर. आपल्या घरातले हे शहाणपण मैदानावर न्यावे, म्हणजे चाचणीच्या दिवशी सात किलोंचा तो गोळा परका वाटणार नाही.