पहाटेच्या अभंगाची नोंद

माझ्या आत्याची एक वही माझ्याकडे आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेले. आत वर्तमानपत्रांची कात्रणं खळीनं चिकटवलेली आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरांतल्या नोंदी: ‘शनिवारी पुन्हा ऐकलं’, ‘आज वीज गेली’, ‘तिसरं कडवं रविवारी नीट कळलं’. ही गीतरामायणाची वही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, सकाळी पावणेनऊला पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत लागलं. शब्द गदिमांचे, संगीत बाबूजींचं. शनिवारी-रविवारी तेच गीत पुन्हा लागे. वर्षाचे ५२ आठवडे धरून आखलेली मालिका अधिक महिन्यामुळे ५६ गीतांपर्यंत गेली. लोकांचं ऐकून समाधान होईना, तशी पुण्यातली वर्तमानपत्रं दर आठवड्याला नव्या गीताचे शब्द छापू लागली. आत्याची कात्रणं त्यातलीच. १९५७ च्या दसऱ्याला केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागानं ती सगळी गीतं छोट्या पुस्तकात आणली.

काय लागलं, कधी लागलं, किती वेळा लागलं, कुणाच्या आवाजात लागलं, हे सगळं त्या वहीत सापडतं. सार्वजनिक प्रसारणातल्या धार्मिक कार्यक्रमांबद्दल नागरिकाला जी माहिती हवी, ती मुळात एवढीच. पुढच्या सत्तर वर्षांत ती कुठे मिळाली आणि कुठे हरवली, त्याचा हा मागोवा.

त्या काळात माहितीचं मुख्य साधन आकाशवाणीची स्वतःची नियतकालिकं होती. इंग्रजीत ‘इंडियन लिसनर’, १९५८ पासून त्याचंच नाव ‘आकाशवाणी’ झालं. बंगालीत ‘बेतार जगत’, गुजरातीत ‘नभोवाणी’, तमिळमध्ये ‘वानोली’. जुने अंक चाळले की मुंबई केंद्राचा दिवस वेळेनिशी डोळ्यांसमोर उभा राहतो. कोण गाणार, कुणाचं भाषण, कोणत्या भाषेत, सगळं आगाऊ छापलेलं. श्रोता अंक विकत घेऊन खुणा करून ठेवायचा. पुढे ही नियतकालिकं एकामागून एक बंद पडली. केंद्रावरच्या ड्यूटी रूममध्ये क्यू शीट भरली जात राहिली, लॉगबुक लिहिलं जात राहिलं, पण ती कार्यालयाची कागदपत्रं. श्रोत्याच्या हातातलं छापील पान गेलं ते गेलंच.

निर्णयाची कारणं मात्र त्या छापील पानांवरही नसत. बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांनी चित्रपटसंगीताला कात्री लावली आणि सुगम संगीताला जागा दिली. भावगीत-भक्तिगीतांचा बहर त्या धोरणाच्याही सावलीत वाढला. त्यात मराठी श्रोत्याचं भलं झालं असं मी मानतो. तरीही कोणत्या पंथाला किती मिनिटं, हे कोण कसं ठरवतं, ते तेव्हाही कुणी श्रोत्याला सांगत नव्हतं. प्रसारण संहितेत धर्मांवर किंवा समाजांवर हल्ला नको, हे कलम आहे. काय वाजवू नये याची ती संहिता आहे. काय आणि किती वाजवावं, त्याबद्दल ती मौन पाळते.

या मौनाला बंगाली श्रोत्यांनी एकदा जाब विचारला. महालयेच्या पहाटे कलकत्ता केंद्रावरून लागणारा ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम १९३० च्या दशकापासूनचा. वीरेंद्रकृष्ण भद्रांच्या आवाजातल्या चंडीपाठाशिवाय तिथे दुर्गापूजा सुरू झाल्यासारखी वाटत नाही. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, तो बाजूला ठेवून उत्तमकुमारांच्या आवाजातला नवा कार्यक्रम लावला गेला. लोक इतके संतापले की आकाशवाणीला जुना कार्यक्रम परत आणावा लागला. पंजाबात तर प्रक्षेपण हा आंदोलनाचा विषय झाला. हरमंदिर साहिबमधलं गुरबाणी कीर्तन आकाशवाणीवरून लागावं, ही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या अकाली आंदोलनातली एक मागणी होती. सकाळच्या पंधरा मिनिटांना माणसं किती मोलाची समजतात, हे यावरून कळावं.

दूरदर्शनवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ पासून सुरू झालं. रविवार सकाळचे रिकामे रस्ते आणि टीव्हीला घातलेले हार याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्याच सुमाराचा एक खटला. ‘होनी अनहोनी’ या मालिकेनं अंधश्रद्धा पसरते म्हणून महाराष्ट्रातली लोकविज्ञान संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि तिथे काही भागांचं प्रक्षेपण रोखलं गेलं. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. दूरदर्शनवर नियमांच्या अधीन राहून मालिका दाखवणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. मालिकेनं अपाय होतो हे दाखवणारा पुरावा संघटनेनं पुढे ठेवलेला नाही, हेही नोंदवलं. बंदी उठली ते योग्यच झालं, असं माझं मत आहे. पण मालिका कशी निवडली, कुणी मंजूर केली, तज्ज्ञांचं मत घेतलं का, हे कागद मागण्याचा हक्क तेव्हा कुणालाच नव्हता. संघटनेपुढे दोनच वाटा होत्या: गप्प बसायचं किंवा बंदी मागायची. माहितीची तिसरी वाट असती, तर तो वाद वेगळ्या तऱ्हेनं झाला असता.

ती वाट उघडायला आणखी सतरा वर्षं लागली. १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रानं रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये अमलात आला. लोकहिताच्या सर्व बाबींची माहिती मुक्तपणे, सत्याला धरून मिळण्याच्या नागरिकांच्या हक्काचं रक्षण करणं, हे या महामंडळाच्या उद्दिष्टांत लिहिलेलं आहे. महाराष्ट्राला २००२ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा मिळाला होता, पण आकाशवाणी केंद्र सरकारची. त्यामुळे मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांची दारं १२ ऑक्टोबर २००५ ला केंद्रीय कायदा लागू झाल्यावरच उघडली.

त्याच वर्षी, १ जानेवारीला, ब्रिटनमध्येही असाच कायदा अमलात आला होता. तिथे बीबीसीला तो लागू आहे, पण पत्रकारिता, कला किंवा साहित्य यांसाठी बाळगलेली माहिती त्यातून वगळली आहे. स्टीव्हन शुगर नावाच्या वकिलानं मध्यपूर्वेच्या वार्तांकनाबद्दलचा बीबीसीचा अंतर्गत अहवाल मागितला. दावा वर्षानुवर्षं चालला. शुगर वारले, त्यांच्या पत्नीनं तो पुढे चालवला, आणि २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं बीबीसीच्या बाजूनं निकाल दिला. धार्मिक कार्यक्रमांची निवड कशी होते हे तिथे कुणी विचारलं, तर तो कागद कार्यक्रम करण्यासाठीच बाळगलेला असतो, आणि उत्तर याच वगळणुकीपाशी थांबू शकतं.

आपल्या कायद्यात अशी वगळणूक नाही. उलट ‘माहिती’च्या व्याख्येत लॉगबुक आणि करार हे दोन शब्द नावानिशी आहेत. आकाशवाणीत काम केलेल्या माणसाला ते वाचून ड्यूटी रूमचं टेबल आठवावं. तिथलं लॉगबुक, कलावंताशी केलेला करार, दोन्ही नागरिकाला दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

म्हणून गेल्या वर्षी मी एका केंद्राला अर्ज केला. सोबत दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. दहा वर्षांतल्या सकाळच्या सभेतलं भक्तिसंगीत आणि चिंतन, यांची तारीखवार यादी मागितली. अभंग किती, बुद्धवंदना किती, नात किंवा ख्रिस्ती भक्तिगीतं किती, बोलायला कोण आलं. उत्तर मुदतीत आलं, भाषा अदबीची होती. सोबत चालू तिमाहीच्या फिक्स्ड पॉइंट चार्टच्या, म्हणजे कार्यक्रमांच्या ठरलेल्या वेळांच्या तक्त्याच्या, चार झेरॉक्स, दोन रुपये पान. त्यात ठरल्या वेळेपुढे एकच शब्द होता: भक्तिसंगीत. कुणाचं, कोणतं, काही नाही. मागच्या वर्षांचे अभिलेख उपलब्ध नाहीत, असं खाली एका ओळीत लिहिलेलं.

मला त्या ओळीनं फार वाईट वाटलं. कलम ४ नुसार अभिलेखांची सूची करून ते जपणं हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचं काम आहे. विचारण्याचा हक्क आला आणि उत्तर देणारा कागदच जागेवर नाही. उत्तर लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. कमी माणसांत केंद्र चालवणारे लोक रोजची सभा वेळेवर लावतात, हेच पुष्कळ. पण आषाढीला पंढरपुरातून थेट वर्णन ऐकत वाढलेल्या माणसाला वाटतं, की तो आवाज ज्यांनी आपल्या माजघरात आणला, त्यांनी त्याची नोंदही ठेवायला हवी होती. आज कुणी तक्रार केली, की अमक्या धर्माला जास्त वेळ मिळतो किंवा तमक्याला मिळतच नाही, तर तिला खोडायला किंवा मान्य करायला हातात आकडा नाही. मग ज्याचा आवाज मोठा, त्याचं खरं.

२८ मार्च २०२० ला टाळेबंदीत दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा लावलं. जनतेच्या मागणीवरून, असं तेव्हाचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी जाहीर केलं होतं. माझ्या घरी ते दोन्ही वेळा पाहिलं गेलं आणि त्या दिवसांत त्याचा आधारही वाटला. पण मागणी कुणाची, किती जणांची, कोणत्या मार्गानं पोचली, आणि इतर धर्मीयांच्या मागण्या कुठे नोंदवल्या जातात, हे केंद्राच्या फलकावर किंवा संकेतस्थळावर आपणहून लिहिलेलं असावं. त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागू नये.

केंद्राच्या त्या उत्तरावर प्रथम अपील लिहिताना यादी कशी हवी ते दाखवायला मी एक नमुना जोडला. चार रकाने: दिनांक, वेळ, रचना, कलावंत. खाली आत्याच्या वहीतल्या पहिल्या पानाची झेरॉक्स. गेल्या सोमवारी ते स्पीड पोस्टानं पाठवलं. पावती त्याच वहीत, शेवटच्या कोऱ्या पानाशी ठेवली आहे.